सिन्नरचें देऊळ आणि दोन कॅमेरे

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागलें म्हणजे सुमारें तीस किलोमीटरांवर सिन्नर येतें. देवगिरीस राजधानी होण्यापूर्वीं सेऊणदेशच्या यादवांचें हें मोठें ठाणें. त्या वैभवाची साक्ष देणारें गोंदेश्वराचें देऊळ गांवांत आजहि उभें आहे. मध्यें शंकराचें मुख्य मंदिर, भोंवतीं सूर्य, विष्णु, पार्वती आणि गणपति यांचीं चार लहान देवळें, समोर नंदीचा मंडप, आणि हें सारें एका उंच जोत्यावर. दगड काळा, कोरीव काम दाट, आणि शिखर भूमिज पद्धतीचें, म्हणजे चिमुकल्या शिखरांच्या ओळी एकीवर एक चढत गेलेल्या.

सुटीच्या दिवशीं या आवारांत छायाचित्रें घेणाऱ्यांची वर्दळ असते. बहुतेकांच्या हातीं फोन असतो. एखाद्याच्या खिशांतून चपटा काँपॅक्ट कॅमेरा निघतो. एखादा तरुण गळ्यांत भला मोठा डी. एस. एल. आर. अडकवून आणि खांद्याला भिंगांची पिशवी लावून येतो. जो या छंदांत नुकताच पडूं पाहत आहे, त्याच्या मनांत हें दृश्य पाहून प्रश्न उभा राहतो, कीं आरंभ कोणत्यानें करावा? मुलाचा किंवा मुलीचा वाढदिवस जवळ आला म्हणजे घरांतहि याच प्रश्नाची चर्चा होते. त्याचें उत्तर दुकानदार देतो, जाहिरात देते, शेजारचे चिरंजीव तर न विचारतां देतात. इतिहासालाहि यावर कांहीं सांगावयाचें आहे. पण त्याला सहसा कोणी विचारीत नाहीं.

दोहोंतील भेद प्रथम साध्या शब्दांत सांगतों. काँपॅक्टचें भिंग पेटीला कायमचें जडलेलें असतें आणि बहुतेक निर्णय यंत्रच घेतें. डी. एस. एल. आर.चें भिंग काढून दुसरें लावतां येतें. त्याच्या पोटांत एक तिरपा आरसा असतो, आणि त्या आरशामुळें भिंगाला जें दिसतें तेंच पाहणाराच्या डोळ्याला दिसतें. बटण दाबतांच आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश मागील सेन्सरवर पडतो. पण एक कॅमेरा लहान, स्वस्त आणि सोपा, तर दुसरा मोठा, महाग आणि शिकावा लागणारा, हा जो खरा वाद, तो सेन्सरच्या आणि आरशाच्या कितीतरी आधींचा आहे. आपल्या मुंबई इलाख्यांत तो एकशें सत्तर वर्षांपूर्वींच सुरू झाला.

दागेरची कृति १८३९ सालीं जगापुढें आली, आणि १८५४ मध्यें मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धां. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या एतद्देशीय सभासदांपैकीं एक. पुढच्याच वर्षीं मुंबई सरकारनें तोफखान्यांतील एक अधिकारी टॉमस बिग्ज यांना प्राचीन इमारतींचीं छायाचित्रें घेण्यासाठीं नेमलें. तोंपर्यंत हें काम नकाशे व चित्रें काढणारे कारागीर करीत. बिग्ज विजापूर, बदामी, ऐहोळे येथें हिंडले, आणि त्यांच्यानंतर डॉ. पिगू यांनीं तेंच काम पुढें चालविलें. बिग्जच्या कॅमेऱ्यांत सुमारें १५ इंच लांब आणि १२ इंच रुंद असा कागद बसे. एवढा मोठा कां? कारण त्या काळीं लहान चित्रावरून मोठें चित्र करणें व्यवहारांत जमत नसे. निगेटिव्हवर कागद ठेवून तो उन्हांत छापावयाचा. निगेटिव्ह जेवढी तेवढेंच चित्र. ज्याला मोठें चित्र हवें त्याला मोठी पेटी बाळगण्यावांचून गत्यंतर नव्हतें. पुढें ओल्या काचेची पद्धति आली तेव्हां तर ओझें आणखीच वाढलें. काचेवर रसायन ओतावयाचें, ती ओली आहे तोंच चित्र घ्यावयाचें आणि लागलींच धुवावयाचें. म्हणजे जेथें कॅमेरा तेथें काळोखा तंबू, बाटल्या आणि पाण्याच्या घागरी. दख्खनच्या उन्हाळ्यांत ती काच किती लवकर सुकत असेल, याची कल्पना आपणां सर्वांना सहज येईल.

याच वेळीं अजिंठ्यास एक निराळा प्रयोग चालला होता, आणि माझ्या मतें नवशिक्यानें सर्वांत अधिक लक्ष द्यावें तें याच प्रकरणाकडे. मद्रासच्या फौजेंतील रॉबर्ट गिल यांना ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला करण्यास नेमलें. गिल लेण्यांच्या परिसरांत राहिले आणि मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत त्या चित्रांच्या प्रतिकृति करीत राहिले. एकेका प्रतिकृतीला महिनेच्या महिने लागत. त्या विलायतेस पाठविल्या जात आणि लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें लोकांना पाहण्यासाठीं टांगल्या जात. १८५६ च्या सुमारास गिलला कॅमेरा मिळाला. त्यानें पुष्कळशीं छायाचित्रें ज्या कॅमेऱ्यानें घेतलीं तो दोन भिंगांचा होता. आपले दोन डोळे जितक्या अंतरावर असतात साधारण तितक्या अंतरावर त्याचीं दोन भिंगें बसविलेलीं असत, आणि एका वेळीं सुमारें तीन तीन इंचांचीं दोन चित्रें निघत. तीं जोडीनें दुर्बिणीसारख्या एका साधनांतून पाहिलीं म्हणजे लेण्यांतले खांब पुढें आणि भिंत मागें अशी खोली भासे.

बिग्जच्या कागदापुढें हीं चित्रें म्हणजे खेळणींच. परंतु लेण्याच्या अंधाराशीं झगडतांना तें खेळणेंच कामास आलें. चित्र लहान असलें म्हणजे त्याला आंखूड पल्ल्याचें भिंग पुरतें, आणि आंखूड पल्ल्याच्या भिंगांतून जवळचा खांब व दूरची मूर्ति दोन्ही एकदम रेखीव उमटतात. मोठ्या काचेवर तेंच साधावयाचें तर भिंगाचें छिद्र फार बारीक करावें लागतें, आणि मग काच तितकाच अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे. तो त्या वेळीं होता तसाच आज फोनलाहि लागू आहे. १८६४ सालीं गिलच्या छायाचित्रांचीं दोन पुस्तकें लंडनमध्यें निघालीं. मजकुराच्या कामीं स्थापत्याचे नामांकित इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांचा हात होता. दोन वर्षांनीं, १८६६ च्या डिसेंबर अखेरीस, क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिलच्या वीस वर्षांच्या श्रमांपैकीं बहुतेक तैलचित्रें एका दिवसांत जळून गेलीं. थोडींशीं कशीबशीं वांचलीं. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह तेंच काम पुन्हां केलें. त्यांच्याहि कित्येक प्रतिकृति १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयांतील आगींत नष्ट झाल्या. गिलचीं तीन इंचांचीं छायाचित्रें मात्र पुस्तकांच्या प्रतींतून ठिकठिकाणीं पसरलीं होतीं, आणि तीं आजहि पाहावयास मिळतात.

येथें लहान कॅमेऱ्याचा जयजयकार करण्याचा मोह होतो, पण तो आवरावयास हवा. गिलच्या छायाचित्रांनीं अजिंठ्याचे रंग वांचविले नाहींत. त्यांना तें शक्यच नव्हतें. त्या काळची ओली काच निळा प्रकाश तेवढा ओळखी. तांबडा तिच्या लेखीं काळाच. गेरूनें रंगविलेल्या भिंतीसमोर ती जवळजवळ आंधळी होती. जें गेलें तें गेलेंच. लहान कॅमेऱ्यानें लेण्यांची ठेवण, त्यांची खोली आणि त्यांतल्या खांबांची दाटी जगापुढें ठेवली, आणि तीं चित्रें अनेक प्रतींच्या रूपानें राहिलीं, एवढेंच त्याचें श्रेय. पण तें कमी नाहीं.

आतां पुन्हां सिन्नरकडे वळूं. १८८० च्या आसपास कोरड्या काचा बाजारांत आल्या, आणि काळोख्या तंबूचें लोढणें सुटलें. पुराणवस्तु खात्याचे हेन्री कझेन्स हे त्यानंतरच्या पिढीचे. पश्चिम हिंदुस्थानांतील देवळें त्यांनीं वर्षानुवर्षें मोजलीं, त्यांचे नकाशे काढविले आणि छायाचित्रें घेतलीं. दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचा त्यांचा ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि गोंदेश्वराला त्यांत मानाचें स्थान आहे. अशा कामाला त्या काळीं तिपाईवर उभा केलेला, चामड्याच्या भात्याचा, काचेचा कॅमेरा लागे. त्याची एक करामत आजच्या नवशिक्याला ठाऊक नसते. भिंग बसविलेली पुढची फळी वर सरकवितां येई. त्यामुळें कॅमेरा आकाशाकडे न कलवितां उंच शिखर चित्रांत घेतां येई आणि देवळाच्या उभ्या रेषा उभ्याच राहत. आज आपण गोंदेश्वरासमोर उभे राहून फोन किंवा कॅमेरा वर कलवितों, आणि शिखर मागें पडत आहे असें चित्र येतें. त्याबाबत काँपॅक्ट आणि डी. एस. एल. आर. सारखेच दुबळे. डी. एस. एल. आर.ला त्यासाठीं निराळें, सरकणारें भिंग मिळतें, पण त्याची किंमत ऐकून नवशिक्यानें नाद सोडावा हें बरें. त्यापेक्षां चार पावलें मागें जावें.

नाशिक जिल्ह्याच्या या प्रकरणांत त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचें नांव यावयासच हवें. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं ते छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनांत शिकले, गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रांचा व्यवसाय केला, आणि पुराणवस्तु खात्यांतहि कांहीं काळ काम केलें. १९१२ सालीं ते लंडनला गेले आणि तेथून विल्यमसनचा चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन आले. पण लगेच राजा हरिश्चंद्र उभा राहिला असें नाहीं. घरीं कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा त्यापुढें रोखून ठेवला, आणि अंकुर कसा फुटतो व वेल कसा चढतो हें एकेक चित्र घेत दिवसामागून दिवस टिपलें. तो चिमुकला चित्रपट पाहूनच भांडवल देणाराला विश्वास आला. महागडें यंत्र घेणाराची पहिली उजळणी कोणत्या विषयावर असावी, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाहीं. जो विषय घरांत आहे, जो पळून जात नाहीं आणि रोज थोडा बदलतो, तो विषय.

इकडे अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमननें १८८८ सालीं पहिला कोडॅक बाजारांत आणला होता. किंमत २५ डॉलर, आंत शंभर चित्रांची गुंडाळी आधींच भरलेली. ती संपली कीं कॅमेराच कंपनीकडे पाठवावयाचा. दहा डॉलरांत छापील चित्रें आणि नवी गुंडाळी घातलेला कॅमेरा परत. १९०० सालीं एका डॉलरचा ब्राउनी आला. येथून घरगुती छायाचित्र जन्मास आलें. स्टुडिओंत पडद्यासमोर ताठ बसलेलें कुटुंब आणि अंगणांत हंसणारें कुटुंब यांतला फरक हा याच पेट्यांनीं घडविला आहे. जर्मनींत ऑस्कर बार्नाकचा लायका १९२५ मध्यें विक्रीस आला. २४ गुणिलें ३६ मिलिमीटरची चिमुकली फिल्म, पण भिंग इतकें तेज कीं तिच्यावरून मोठें चित्र करतां यावें. लहान म्हणजे हलक्या दर्जाचें, हें समीकरण त्या दिवसापासून डळमळलें.

पुढची हकीकत पुष्कळांच्या घरांतलीच आहे. आरशाचे कॅमेरे १९५९ च्या निकॉन एफ्‌नंतर धंदेवाईकांच्या हातीं रुळले. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत आगफाचा क्लिक-थ्री असे. बारा चित्रांची गुंडाळी लग्न, मुंज आणि काश्मीरची सहल एवढ्यांत पुरवून वापरावयाची. १९८० नंतर हॉट शॉट आला. ज्याला शिकावयाचें असे तो रशियन झेनिट किंवा १९७६ सालचा पेंटॅक्स के-१००० कोठून तरी मिळवी. या दुसऱ्या वर्गांतल्या माणसांना विचारा. प्रकाश मोजणें, छिद्र लहानमोठें करणें, शटरचा वेग ठरविणें, हें त्यांना अजून हातावर आहे. कारण के-१००० मध्यें तें केल्यावांचून चित्रच नीट निघत नसे.

संगणकीय कॅमेऱ्याचा इतिहास मी थोडक्यांत आटोपतों. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननें १९७५ मध्यें पहिला नमुना केला. १९९९ सालीं निकॉनचा डी-१ आला. २००३ सालीं कॅननचा ३००-डी एक हजार डॉलरांच्या आंत मिळूं लागला, आणि डी. एस. एल. आर. हौशी माणसाच्या आटोक्यांत आला. २०१० मध्यें जगभर सुमारें १२ कोटि संगणकीय कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यांत मोठा वांटा काँपॅक्टचा. २०२० मध्यें हा आंकडा एक कोटीच्याहि खालीं गेला. मधल्या दहा वर्षांत फोननें काँपॅक्टची जागा गिळली. डी. एस. एल. आर.चीहि स्थिति आतां पूर्वींसारखी नाहीं. आरसा काढून टाकलेले कॅमेरे पुढें आले आहेत, आणि निकॉन व कॅनन यांनीं आपलें लक्ष तिकडे वळविलें आहे. नवशिक्याला यांत तोटा नाहीं, उलट लाभच आहे. हौसेनें घेतलेले आणि कपाटांत निजलेले चांगले डी. एस. एल. आर. आज दुसऱ्या हातानें बऱ्याच स्वस्त मिळतात.

आतां आकाराचा हिशेब. साधारण काँपॅक्टचा सेन्सर सुमारें ६.२ मिलिमीटर लांब आणि ४.६ मिलिमीटर रुंद असतो, नवशिक्याच्या डी. एस. एल. आर.चा सुमारें २३.५ गुणिलें १५.६. क्षेत्रफळ जवळजवळ तेरापट. मंडपांतल्या अंधारांत या तेरापटीची किंमत कळते. लहान सेन्सरवरील सावल्या दाणेदार आणि चिखलासारख्या होतात. मोठ्यावर त्यांत अजून कोरीव काम दिसतें. पण बिग्जच्या कागदाशीं ताडून पाहिलें तर हा मोठा सेन्सरहि त्याच्या तीनशेंव्या हिश्शाएवढा भरत नाहीं. त्याच्या दृष्टीनें आजचा डी. एस. एल. आर. खिशांतलाच म्हणावा लागेल! शिवाय २०१३ पासून रिकोसारख्यांनीं डी. एस. एल. आर.एवढाच सेन्सर खऱ्या अर्थानें खिशांत मावणाऱ्या पेटींत बसविला आहे. मग लहान कोणता आणि मोठा कोणता?

म्हणून माझें मत असें आहे, कीं नवशिक्यानें पेटीच्या आकाराकडे पाहूं नये. आपल्याला चित्र हवें आहे, कीं चित्र असें कां आलें हें समजून घ्यावयाचें आहे, हें त्यानें आधीं ठरवावें. मुलाबाळांचे क्षण, सहल, समारंभ एवढेंच टिपावयाचें असेल तर हातांतला फोन पुरेसा आहे, आणि लांबचें जवळ आणणारें भिंग हवें असेल तर एखादा चांगला काँपॅक्ट. घराबाहेर न्यावासा वाटत नाहीं असा कॅमेरा कितीहि उत्तम असला तरी त्यानें चित्रें निघत नाहींत. पण ज्याला शिकावयाचें आहे त्यानें छिद्र, शटर आणि प्रकाशाची मात्रा हातानें ठरवूं देणारा कॅमेरा घ्यावा. तो बहुधा जुना डी. एस. एल. आर. निघेल, कारण त्या पैशांत दुसरें कांहीं तितकें मोकळेपणानें हातीं येत नाहीं. बरोबर मिळणारें साधें भिंग वर्षभर पुरे. पैसे उरले तर दुसरें भिंग न घेतां एस्. टी.चें तिकीट काढावें.

तें तिकीट सिन्नरचें असलें तर उत्तमच. कॅमेऱ्यांतला प्रकाशमापक असें गृहीत धरतो, कीं जगांतील सर्व वस्तु मिळून साधारण करड्या असतात. गोंदेश्वराचा काळा दगड जवळून घ्यावा, तर तो त्याला उजळ करून राखेसारखा करून टाकतो. तेंच देऊळ दुपारच्या पांढऱ्या आकाशासमोर घ्यावें, तर तो आकाशाला भुलून देवळाची नुसती काळी आकृति करतो. एकाच वास्तूपुढें दोन उलट चुका. दोन्ही वेळां यंत्राचें न ऐकतां मात्रा आपण ठरवावयाची. पहिल्या वेळीं कमी, दुसऱ्या वेळीं जास्त. सकाळच्या तिरप्या उन्हांत कोरीव काम उठून दिसतें, डोक्यावरच्या उन्हांत तें सपाट होतें. हें पुस्तकांत वाचून कळतें, पण तीन निरनिराळ्या वेळीं तेथें उभें राहिलें म्हणजे पटतें. तिपाईचा मात्र भरंवसा धरूं नये. संरक्षित स्मारकांत ती लावण्यास परवानगी काढावी लागते. मंडपांत खांबाला पाठ टेकून, श्वास रोखून बटण दाबावें. गिलला मिळाली ती सोय येथेंहि आहे. लहान सेन्सरवर पुढचा खांब आणि मागची मूर्ति सहज एकत्र रेखीव येतात, डी. एस. एल. आर.नें तेंच करतांना छिद्र बारीक करावें लागतें आणि हात स्थिर ठेवावा लागतो. मूर्ति तेवढी रेखीव आणि खांब धूसर हवा असेल तर मात्र बाजी मोठ्याची.

आणि घरीं आल्यावर पांच चित्रें निवडून कागदावर छापून घ्यावींत, मागें स्थळ, तारीख आणि देवळाची बाजू लिहावी. दोन प्रती काढाव्यात. एक आपल्या घरीं ठेवावी आणि दुसरी गांवोगांवच्या कोणा नातलगाकडे पाठवावी.